सहाजणी आणि पाच जागा

पोकरच्या टेबलावर आम्ही सहाजणी उरलो होतो, आणि बायकांच्या मोठ्या स्पर्धेत जायला जागा होत्या पाच. आता जी आधी बाद होईल ती हात हलवत घरी. उरलेल्या पाचजणी सारख्याच सुखी. माझी लेक नेल झाल्यापासून हा माझा पहिलाच खेळ. ती जागा मला इतकी हवी होती की सकाळपासून नवऱ्याशी, ट्रॉयशीही मी धड बोलले नव्हते.

माझ्यापुढे जेमतेम नऊ ब्लाइंड पुरतील एवढ्या चिप्स होत्या. ब्लाइंड, म्हणजे ठरावीक चिप्स, पानं बघायच्या आधीच पाळीपाळीनं टाकावा लागतो. तुम्ही खेळा नाहीतर झोपा काढा, तो जातोच. माझ्याहून गरीब एकटी ओपल. ती विणत बसली होती आणि दर डावाला पानं टाकायला मुद्दाम वेळ लावत होती.

"स्वेटर पुरा झाल्यावर खेळणार का गं?" बर्नीसनं विचारलं.

"तुझ्या मापाचा आहे, बर्नीस. लोकर संपता संपत नाही."

सगळ्या हसल्या. तेवढ्यात फोन थरथरला. ट्रॉय लिहीत होता: उठली. बाटली थुंकून टाकतेय. पत्त्यांच्या खोलीत लेकरांना मज्जाव, म्हणून तो पलीकडं कॉफीच्या दुकानात बसला होता. सुट्टीला अजून पंधरा मिनिटं होती. माझी छाती मात्र निरोप यायच्या आधीच दुधानं भरून आली होती.

पुढची पानं उचलली. एक्का आणि पंजी, आणि बोलायची पहिली पाळी माझी. हात चिप्सकडं गेलासुद्धा. सगळं पुढं ढकलायचं, एक घाव दोन तुकडे, आणि सुटायचं.

सुटायचं? म्हणजे मी पानांसाठी ढकलत नव्हते, उठायची घाई म्हणून ढकलत होते. माझ्यानंतर अजून पाचजणी बोलायच्या होत्या. एकीकडं तरी बरं काही असणारच. मी दोन्ही पानं टाकून दिली आणि उठले.

"तुम्ही नसलात तरी ब्लाइंड कापले जातील हं," डीलर म्हणाला.

"जाऊ देत."

कॉफीच्या दुकानात मी नेलला छातीशी घेतलं. ती आधी रागानं ओढत राहिली, मग श्वास लांबला, मूठ सैल झाली. तिच्या कानामागं घामाचा एक थेंब होता. तो मी पुसला नाही, जाग येईल म्हणून.

"किती जातील?" ट्रॉयनं हळूच विचारलं.

"तीन. सहा उरतील."

"सहा पुरतात?"

"सहा पुढं ढकलले तर अजून भीती वाटते लोकांना. चार झाले की कुणी विचारत नाही."

सुट्टीनंतर बसले तर खरोखरच सहा. ओपलचे दोन. पहिल्याच डावात राजा आणि दश्शी आली. माझ्याआधी सगळ्यांनी पानं टाकली. बोलायच्या राहिल्या फक्त बर्नीस आणि तिच्या पलीकडची आयडा. मी ढीग पुढं सारला. "ऑल-इन."

बर्नीसचा ढीग माझ्याहून थोडाच मोठा होता. तिनं पानं बघितली, मला बघितलं, पुन्हा पानं. मग तिनं अठ्ठ्यांची जोडी उघडी करून दाखवली आणि टाकून दिली.

"याच्या निम्म्यात आली असतीस तर धरलं असतं, पोरी. आता हरले तर माझाच निकाल."

आयडानंही पानं टाकली.

पुढच्या डावाचा ब्लाइंड ओपलचा. पानं बघून तिनं सुया खाली ठेवल्या आणि उरलेलं सगळं लावलं. राण्यांची जोडी! पण इतक्या थोड्यासाठी कोण मागं हटतंय? तिघीजणी आत आल्या, आणि आयडाच्या सत्तीला टेबलावरच्या पानांत एक सत्ती मिळाली आणि शेवटच्या पानावर तिसरी. ओपल बाद.

"तासभर या राण्यांचीच वाट बघत होते गं," ओपल म्हणाली.

"आल्या की," बर्नीस मऊ आवाजात म्हणाली. "तुझ्याकडं उरलं होतं काय?"

ओपलनं विणकाम पिशवीत भरलं, आमच्या प्रत्येकीशी हात मिळवला. माझा हात तिनं जरा जास्त वेळ धरून ठेवला. मग डीलरनं मोठ्या स्पर्धेच्या जागांचे पाच कागद मांडले, आणि मी माझ्या कागदावर सही केली.