संध्याकाळपुरती साय

दूरच्या कुठल्याशा समुद्रात एका बेटावरचा डोंगर फुटला आणि त्याचा त्रास सासूबाईंच्या हॉलला झाला. डोंगराची राख आभाळभर पसरली होती. रोज संध्याकाळी पश्चिमेला असा जांभळा-गुलाबी थाट असायचा की लोक गच्चीवर जाऊन त्याच्याकडे पाठ करून फोटो काढत.

जावई मात्र हॉलमध्ये घाम पुसत होता. तो पेशाने रंगारी. लग्न होऊन चांगलं मुरलं, तरी सासूबाईंनी त्याला एकदाही 'जावई' म्हटलं नव्हतं. ओळख करून देताना त्या म्हणत, "हा रंगकाम करतो." त्यांच्या धाकट्या बहिणीचा जावई बँकेत मॅनेजर होता ना! म्हणून हॉल रंगवायचं निघालं तेव्हा याने स्वतःहून ब्रश उचलला. भिंत पसंत पडली की माणूसही पडेल, ही आशा.

सासूबाईंना सायीचा रंग हवा होता. त्या सकाळी घाईत निघायच्या आणि दिवसभर औषधाच्या दुकानात. घरी यायच्या त्या सूर्य खिडकीत टेकल्यावरच.

"ही साय?" खांद्यावरची पर्सही न काढता त्यांनी विचारलं. "आमच्याकडे खोकल्याचं औषध असतं या रंगाचं. लहान मुलांचं."

दुसऱ्या दिवशी जावयाने रंगात थोडा हिरवा मिसळला. गुलाबी मारायला हिरवा, हे कुठलाही रंगारी झोपेत सांगेल.

"सुधारणा आहे," सासूबाई म्हणाल्या. "आता मोठ्या माणसांचं वाटतंय."

"अहो, दोष आभाळाचा आहे," सासऱ्यांनी त्याला हळूच सांगितलं. "ती राख. पेपरात आलंय."

"बाबा, आभाळाला मला दुसरा हात मारता येत नाही. भिंतीला येतो. तुम्ही आईंना सांगता का?"

"मी?" सासरे दचकले आणि गच्चीवर निघून गेले.

जावयाने आणखी हिरवा घातला. दिवसा भिंत भलतीच दिसते हे त्याला कळत होतं. पण पसंत करणारं माणूस दिवसा घरी नव्हतं.

अखेर शनिवारी संध्याकाळी सासूबाईंनी भिंतीवरून हात फिरवला. "अस्सल साय!" त्यांनी तिथूनच बहिणीला फोन लावला. उद्या सकाळी ये, हॉल बघायला.

रविवारी सकाळी सासूबाई चहा घेऊन हॉलमध्ये आल्या आणि उभ्याच राहिल्या. चारी भिंती शेवाळलेल्या टाकीसारख्या हिरव्यागार. जावई शिडीमागे अंग चोरून उभा. तेवढ्यात बेल वाजली.

"अगं बाई! ताई, हे काय? कुणी केलं?" बहिणीने तोंडावर हात ठेवला. हात ठेवला तरी हसू दिसत होतं.

ते हसू सासूबाईंना भिंतीपेक्षा जास्त झोंबलं. त्यांनी पाठ ताठ केली.

"आमच्या जावयांनी. संध्याकाळी उमलणारी भिंत आहे ही. बँकेत मिळत नाही. सूर्य मावळेपर्यंत थांब."

बहीण थांबली, ताई तोंडावर पडताना बघायला ती मुक्कामालाही राहिली असती. संध्याकाळी गुलाबी उजेड आत शिरला, हिरवा हळूहळू विरला आणि भिंतींवर दाट साय धरली. बहिणीने भिंतीवर बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाली, "जावईबापू, आमच्याकडे पण असंच करून द्या ना."

"तुमची खिडकी कुठल्या दिशेला, मावशी?"

"पूर्वेला."

जावई नाही म्हणणारच होता.

"पूर्वेचंही करतात आमचे जावई," सासूबाई म्हणाल्या.

एका दिवसात दुसऱ्यांदा तो शब्द! जावई पार विरघळला.

"करतो की," तो म्हणाला. "फक्त भिंत बघायला पाहुण्यांना पहाटे बोलवा."