आम्ही आणि आपण

दादा ज्या बेटावर एकोणीस वर्षं राखणदार होता, तिथे मी यंदा पहिल्यांदा गेले. बेट म्हणजे राखीव राष्ट्रीय उद्यान, परवानगीशिवाय तिथे चिटपाखरू जात नाही. पाखरं तेवढी जातात. उद्यान पाहणं हे निमित्त. महिनाअखेर दादा निवृत्त होणार होता आणि मला त्याला घरी आणायचं होतं. मी कपडे शिवते. आई गेल्यापासून संध्याकाळी मशीन थांबलं की घर खायला उठतं. त्याची खोली रंगवून घेतली, पडदेही शिवले. त्याला मात्र विचारलं नव्हतं. विचारलं की तो नाही म्हणतो, हा लहानपणापासूनचा अनुभव.

बाहेरचं बी बेटावर जाऊ नये म्हणून बोटीतच झडती झाली. बुटांचे तळवे घासले, खिसे उलटे केले. माझ्या स्वेटरच्या बाहीत एक कुसळ निघालं. तपासनीस बाईंनी ते चिमट्याने डबीत ठेवलं.

"कुसळ बरं दिसलं तुम्हाला," मी म्हणाले. बाई हसल्या नाहीत.

धक्क्यावर दादा उभा होता, वाळून अर्धा झालेला. "आलीस? फळ्यांवरूनच चाल. खाली बिळांत पाखरांची पिल्लं आहेत." झालं स्वागत.

मी मागे, तो पुढे. चालता चालता म्हणाला, "यंदा आम्ही अंडी जरा उशिरा घातली."

"तूसुद्धा?"

त्याला कळलंच नाही मी का हसले ते. "वादळात आमची चाळीस पिल्लं गेली," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज कापला. आईच्या वेळी हा चार दिवस राहिला होता, डोळ्यांत टिपूस नव्हतं. मला त्या पाखरांचा चक्क राग आला.

त्याच्या खोलीत एक खाट, एक ताट, एक कप. कप त्याने मला दिला आणि स्वतः डब्याच्या झाकणातून चहा प्यायला. तेव्हा मी विषय काढला.

"महिनाअखेर आपण घरी जाऊ. तुझी खोली रंगवलीय."

त्याने झाकण खाली ठेवलं. "तुमच्याकडे मला झोप लागत नाही गं."

"तुमच्याकडे म्हणजे? मी एकटी आहे तिथे."

"नवा राखणदार येतोय, त्याला शिकवायला थांबतोय मी. पगार नाही, पण राहू देतात." अर्ज त्याने सहा महिन्यांपूर्वीच दिला होता. मला विचारलं नव्हतं.

"दादा, आपण म्हणायला दोन माणसं लागतात. आई गेली. आता मी कोणाबरोबर आपण म्हणू?"

त्याने माझा कप विसळला, पालथा घातला. "दरवर्षी येत जा," म्हणाला. "आम्ही असतोच."

परतीच्या बोटीत मी तोंड फिरवून रडले. तपासनीस बाई शेजारी येऊन बसल्या. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "कुठे राहता तुम्ही?"

"आम्ही बाजारामागच्या गल्लीत राहतो," मी सवयीने म्हणून गेले. मग दुरुस्त केलं.

"मी राहते."