पटांगणातला उतार

"एका पोरीसाठी अर्धं पटांगण खाणार का तुम्ही?" रामदास उभा राहून ओरडला. छगनला दिसलं ते एवढंच, की रामदासचं तोंड मोठं उघडलं आणि मिटलं. बाकी त्याच्या कानात नेहमीची खडखड चालू होती. उमेदीची सगळी वर्षं सुरतेत उधन्याच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, लूम चालवण्यात गेली आणि कान तिथेच राहिले. लोक बोलत, छगन त्यांच्या तोंडाकडे बघून मान डोलवी आणि अंदाजाने 'हो' म्हणे. त्याच्या त्या 'हो'वर आजवर कुणी काय काय उरकून घेतलं असेल, देव जाणे!

नवागामच्या मराठी शाळेत पालकांची सभा होती, वरच्या मजल्यावर, पाचवीच्या वर्गात. प्लेगच्या साथीनंतर शहर झाडूनपुसून निघालं होतं, त्यात आता या शाळेचा नंबर लागला होता. ओव्हरसियर ललितभाईंनी टेबलावर नकाशा पसरला होता. छत, खिडक्या, नवे संडास, याबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं. घोडं अडलं ते उतारावर. शाळेच्या पायऱ्यांशेजारून चाकाच्या खुर्चीसाठी उतार काढायचा, जूनपासून पाचवीचा वर्ग खाली आणायचा आणि एका संडासाचं दार रुंद करायचं, असा मोठ्या बाईंचा, म्हणजे मालतीबाईंचा हट्ट होता. उतार आखूड केला तर खुर्ची उलटेल, असं ललितभाई म्हणत. आणि लांब काढावा तर तो पटांगणात घुसे. एका खोलीत संसार करणाऱ्या वस्तीला लग्नाचा मांडव घालायला तेवढी एकच जागा. रामदासची पोरगी वैशाखात उजवायची होती. मग तो कसा गप्प बसेल?

खुर्ची होती छगनच्या जयश्रीची; ती जूनमध्ये पाचवीत जायची होती. लहानपणी पोलिओने तिचे पाय गेले. रातपाळी सुटली की छगन घरी येई, चहा घशाखाली ओती आणि जयूला खुर्चीत बसवून शाळेपर्यंत ढकलत आणी. खुर्ची फाटकाशी ठेवायची, पोरीला पाठुंगळी घ्यायचं आणि जिना चढून वर्गात बसवायचं. शाळा सुटली की पुन्हा हजर. दिवसाच्या झोपेचं पार खोबरं होई. बायको शोभा हातवारे करून म्हणे, अहो, एखाद्या दिवशी तरी पडा स्वस्थ! पण छगन ऐकेल तर ना.

त्याचं कारण त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. पाठीवर असली, की जयूचं तोंड थेट त्याच्या कानाशी येई. साऱ्या जगात ऐकू येणारा तेवढाच एक आवाज त्याला उरला होता. कुणी कुणाची वेणी ओढली, कोणत्या बाई रागावल्या, गणितात किती मिळाले, सगळं ती कानात ओतायची. छगन जिन्यात मुद्दाम रेंगाळे. दम लागल्याचं सोंग करून मधल्या वळणावर टेकायचा, म्हणजे अजून दोन गोष्टी निघत. हा उतार झाला की ते संपणार, हे त्याने केव्हाच ओळखलं होतं. बरं, सांगायचं कुणाला? लोक हसले असते.

ललितभाई कंटाळले होते. घाम पुसत म्हणाले, "देखो, बाप रोज उठा लेता है, तो रॅम्प अगली बार रखते हैं. छगनभाई, तमे ज बोलो ने. फावे छे के नहीं?"

छगन नुसता बघत राहिला. शेजारी बसलेली जयू त्याच्या कानाशी वाकली. "आबा, ललितभाई इचारतस, तुले माले रोज उचलनं जमस का?"

छगन ताडकन उठला. "जमतं की! पोर कधी बापाला जड होते का? जीव आहे तोवर उचलेन. उतारबितार काही नको. रामदासभाऊच्या पोरीचा मांडव उभा राहू द्या पटांगणात!"

काय टाळ्या पडल्या म्हणता! रामदासने येऊन पाठीवर थाप मारली. छगनची छाती फुगली. जयू मात्र खाली मान घालून बोटाने बाक कोरत होती.

मालतीबाई उठल्या. निवृत्तीला आलेल्या, उठताना टेबलाचा आधार घ्यावा लागे. आता बाई भाषण ठोकणार, असं सगळ्यांना वाटलं. पण त्या सरळ छगनपाशी आल्या, त्याला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेल्या आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"छगनभाऊ, जयू शाळेत पाण्याचा थेंब घेत नाही. सकाळपासून सुटेपर्यंत. संडास खाली, आणि कुणाला 'ने' म्हणायची तिला लाज वाटते. मागच्या महिन्यात एकदा नाहीच धरवलं तिला. पोरी घरी गेल्यावर मीच बाक पुसला. आबांना सांगू नका, अशी शपथ घातली होती तिने. आज मोडली मी."

छगन कठड्याला धरून उभा राहिला. सगळं सांगते म्हणून आपण खूश होतो, आणि पोरीने नेमकं हेच पोटात ठेवलं! ती सकाळपासून तहानलेली आणि आपण जिन्यात टेकून तिच्या गोष्टी ऐकत होतो. त्याला स्वतःची लाज वाटली, डोळ्यांत पाणीच आलं.

तो आत आला. सगळी वस्ती त्याच्याकडे बघत होती. खरं कारण सांगितलं असतं, तर एका वाक्यात काम झालं असतं. पण मग उद्या नळावर, गल्लीत, ज्याच्या त्याच्या तोंडी पोरीच्या बाकाचीच गोष्ट असती. छगनने हात जोडले.

"मघाशी मी फुशारकी मारली. माझे गुडघे गेले. परवा जिन्यात पोरीसकट पडता पडता वाचलो. आता नाही उचलवत मला. उतार काढा."

"आँ? आत्ताच तर जीव आहे तोवर म्हणत होता!" मागून कुणीतरी बोललं आणि खसखस पिकली. छगनला ती ऐकू आली नाही, पण हललेले खांदे दिसले. तो हात जोडून तसाच उभा राहिला.

रामदासने डोकं खाजवलं. माणूस तसा वाईट नव्हता. "मग आधी सांगायचं ना बाबा, म्हातारा झालो म्हणून!" तो म्हणाला. "घ्या हो ललितभाई, काढा तुमचा उतार. मांडव घालू गल्लीत. वऱ्हाडी बसतील दाटीवाटीने."

ललितभाईंनी नकाशावर पेन्सिल फिरवली. सभा उठली.

जिना उतरताना जयू कानात म्हणाली, "आबा, तू खोटं बोलना. तुना गुडघास्ले काय बी व्हयेल नही."

छगनने तिला पाठीवर जरा वर सरकवलं.

"आनि बाईनी काय सांगं तुना कानमा?"

छगन एका पायरीवर थांबला. "कोन जाने बुवा. माले कोठे ऐकू येस?"

फाटकापर्यंत जयूचा गाल त्याच्या मानेला टेकलेला होता.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा उतार तयार होता. छगन सवयीने फाटकाशी वाकला, तर जयूने हातानेच नको म्हटलं. गळ्यात पाण्याची बाटली अडकवून ती निघाली. दोन्ही हातांनी चाकं ढकलत, मध्ये एकदा थांबून, पुन्हा ढकलत वर पोचली. पोरींनी गलका केला असावा, कारण सगळ्या उड्या मारत होत्या. जयूने खुर्ची वळवली आणि छगनकडे बघून ती काहीतरी बोलू लागली. बरंच काही होतं. हात हलवून, हसून, लांबलचक सांगत होती.

छगनला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. तो खाली उभा राहून, "हो, हो," म्हणत मान डोलावत राहिला.