लाल दोऱ्याचा नर

आमचे हे पाखरांच्या बाबतीत भारी ऐटबाज. फिंच ही चिमणीएवढी पाखरं पाळणारे रोह्यात आणखीही होते, पण नर-मादीचा निवाडा करायचा तर लोक पेणहूनसुद्धा पिंजरा घेऊन आमच्याच पडवीत यायचे.

रंगीत फिंचचं सोपं असतं. नराचे गाल नारिंगी, छातीवर काळ्या रेघा. मादी बिचारी राखाडी. तेवढं मलाही कळायचं. घोळ व्हायचा पांढऱ्यांचा. त्यांना ना गाल, ना रेघा. चोच तेवढी नराची लालभडक आणि मादीची फिकी नारिंगी. पण ह्यांचा चोचीवर विश्वास नव्हता. चोच फसवते, गळा फसवत नाही, गातो तो नरच, म्हणायचे. सकाळी पिंजऱ्याला कान लावून बसायचे आणि जो पिपाणी वाजवेल त्याच्या पायाला लाल दोरा बांधायचे.

शहाण्णव साली आमच्या घरात मात्र बोलणंच उरलं नव्हतं. आमची लेक तामार लग्न होऊन इस्राएलला गेली होती. तिला दिवस गेले आणि कोपऱ्यावरच्या बूथवर तिचा फोन आला, दोघंही या म्हणून. आमच्या पिढीत नवऱ्याच्या तोंडाकडे बघून असली गोष्ट विचारत नसत. शुक्रवारी आम्हा यहुद्यांच्या शब्बाथचे दिवे लावण्याआधी भाकऱ्या थापताना मी पाठमोरीच विचारलं, तामार बोलावतेय, जाऊ या का? हे दारातच बसले होते. उत्तर नाही. पुढच्या शुक्रवारी पुन्हा विचारलं, तरी मौनव्रत. मी समजायचं ते समजले आणि तामारला सांगितलं, तुझे पप्पा नाही म्हणतात. ती फोनवर रडली.

बाळंतपण तिच्या सासूने केलं. जावयाने फोन करून कळवलं तेव्हा घरी येऊन मी ह्यांच्या हातावर साखर ठेवली आणि पाठ फिरवून, जाता जाता, काय झालं ते सांगितलं. त्यावरही हे गप्प. तामारचे फोन बंद झाले आणि मीही बोलणं टाकलं. आतून नुसती करपत होते, खोटं कशाला सांगू?

अशात एका सकाळी कासू गावची हौसा पिंजरा घेऊन दारात उभी राहिली. ती आम्हाला मीठ आणि सुकी मासळी आणून द्यायची. तिचा नवरा नाथा मिठागरात पाय मोडून घरी पडला, तेव्हा ह्यांनीच त्याला सोबत म्हणून पांढरी जोडी दिली होती.

"नऊ अंडी हायत गो बाय, पण एक फुटलं नाय," हौसा म्हणाली. "नाथा रोज इचारतो, पिल्लं कवा व्हतील."

मादी एका वेळी चार-पाच अंडी घालते, नऊ नाही. पण हे उखडले. पिंजरा चुलीच्या धुरात टांगला असशील म्हणून तिलाच बोलले. मग पिंजरा उचलला, कान लावला, डोळे मिटले.

"हा काय गातोय, लाल दोरेवाला. नरच हाय."

पडवीत चिडीचूप होतं. दोन्ही पाखरं दांडीवर अंग फुगवून बसली होती, आणि दोघींच्या चोची फिक्या नारिंगी होत्या. हौसाने माझ्याकडे पाहिलं आणि पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेली.

ह्यांनी तीस वर्षं कंपनीत बॉयलरच्या धडधडाटात काढलेली. बूथवर फोन आला की रिसीव्हर लगेच माझ्या हातात द्यायचे. मला वाटायचं, लेकीवर राग आहे.

मी पहिल्यांदाच त्यांच्या समोर बसले. "तुम्हाला ऐकू येत नाही?"

ते माझ्या ओठांकडे बघत होते. "गेल्या पावसाळ्यापासून पाखरांचं येत नाय. मग माणसांचं. कुणाला सांगू?"

"मी विचारलं होतं, तामारकडे जाऊ या का."

"कधी? मी तर तू जायचा विषय काढशील म्हणून वाट बघत होतो. मग तू बोलायचीच थांबलीस. मला वाटलं, माझेच कान पुरते गेले."

त्यांनी पिंजरा खाली ठेवला.

"त्या दिवशी साखर दिलीस, तेव्हा बाळ झालं एवढं कळलं. पुन्हा विचारायची लाज वाटली." त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. "मुलगा की मुलगी?"