मोटरवरची शाल

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सगुणाबाई मुलींची शाळा सुटल्यावर परस्पर जिनात गेली. शाळेत ती मास्तरीण, आणि कापसातली सरकी काढणाऱ्या या नवलकिशोर शेठच्या जिनात तिचे वडील रखमाजी मोठे मिस्त्री. हंगाम तोंडावर आला की त्यांना जेवणाची शुद्ध राहत नसे.

रखमाजी नव्या बसवलेल्या एका मोटरीपाशी उकिडवे बसले होते. जिनाची वीज मागच्या अंगाला धडधडणाऱ्या तेलाच्या इंजिनावर तयार व्हायची, आणि लढाईमुळं तेल मोजून मिळायचं. जुनी मोटर हत्तीएवढी. निम्मी यंत्रं रिकामी असली तरी यंत्रं फिरवणारा सगळा लांब दांडा अन् सगळे पट्टे फिरवत बसायची, आणि तापायची. गेल्या साली ऐन हंगामात तेल संपलं आणि माणसं घरी बसली. तेव्हापासून रखमाजींनी ध्यास घेतला होता. त्यांनी दांडा मधोमध कापला, बंद पडलेल्या एका गिरणीतून दोन लहान मोटरी आणून दोन्ही अर्ध्यांना जोडल्या. कापूस असेल तेवढीच बाजू चालणार.

शेठ दारात उभे राहून म्हणाले, "मिस्त्री, इतकीशी मोटर! ही तर आमच्या दुकानातला तराजूबी हलवायची न्हाई."

"शेठ, तुमची जुनी लई खाते अन् गरम होऊन बसते. जी वीज गरमीत गेली ती कापसाला लागली का? ही बघा, कमी खाऊन बराबर काम करील."

"न्हाई केलं तर?"

"तर मंग मलाच जुंपा पट्ट्याला."

सगळे हसले. सगुणाबाईनं भाकरीचं गाठोडं मोटरीच्या पाठीवर टेकवलं. रखमाजींनी ते झटकन उचललं.

"माय, तिचं नाक दाबू नको. या जाळीतून वारा घेती ती."

मग पालथा हात मोटरीला लावून, तापलेल्या लेकराचं अंग बघावं तसं बघत त्यांनी विचारलं, "कसं झालंय काम?"

"बरं झालंय," ती म्हणाली.

घरात तोंडावर कौतुक करायची रीत नव्हती. नजर लागते म्हणत. तिनं पुष्कळ पुस्तकं वाचली होती, नजरेवर तिचा विश्वासही नव्हता. तरी ती "बरं झालंय" एवढंच म्हणाली.

पहाटे रखमाजी उठलेच नाहीत.

तेरावा झाल्यावर शेठनं जिनाचा मुहूर्त धरला आणि सगुणाबाईला बोलावणं धाडलं. मुहूर्ताला रखमाजींच्या खांद्यावर घालायची म्हणून शेठनं जाड लोकरी शाल घेऊन ठेवली होती. आता ती त्यांनी त्या दिवशी चालवायच्या बाजूच्या मोटरीवर पांघरली, वर झेंडूचा हार घातला. त्यांचे डोळे भरून आले होते. रखमाजींच्या हाताखालच्या भुजंगनं कळ दाबली.

यंत्रं फिरली. कापसाचा पहिला गाडा रिकामा होऊ लागला, रुई पांढरी धो धो पडू लागली. पण थोड्या वेळानं भुजंगनं मोटरीला हात लावला आणि झटक्यात काढला.

"शेठ, तापून राह्यली! लई तापून राह्यली!"

"मी म्हणलं होतं," शेठ हळू म्हणाले. "मिस्त्रीचं मन मोडायचं नव्हतं म्हणून गप बसलो. बंद कर. उद्या दांडा सांधून जुनी चढवा."

जुनी चढली की ही पुन्हा कधी चढणार नव्हती, हे सगुणाबाईला कळलं. तिनं मोटरीकडं पाहिलं. मग पुढं होऊन हार उचलला आणि शाल ओढून काढली.

"बाई, ती मिस्त्रीच्या मानाची हाय," भुजंग दबकत म्हणाला.

"मानाची आहे, पण तिचं नाक दाबलं गेलंय. या जाळीतून ती वारा घेते, आबांनी सांगितलंय. शेठजी, आधी जरा निवू द्या. मग दुसरा गाडा रिकामा होईस्तोवर थांबा. तरी तापली तर खुशाल उतरवा."

 शेठ खुर्ची ओढून बसले. "थांबलो, बेटी."

मोटर निवल्यावर भुजंगनं पुन्हा कळ दाबली. दुसरा गाडा आला. रिकामा झाला. रुईचा ढीग कमरेएवढा वाढला. मागं इंजिन सबुरीनं चाललं होतं. इतक्या थोड्या तेलावर ते पूर्वी कधी चाललं नव्हतं.

शेठनं मोटरीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. "बिलकुल कोमट," ते म्हणाले. "भुजंग, ती जुनी गोदामात टाक."

सगुणाबाईनं पालथा हात मोटरीला लावला. दुसऱ्या हातावर शाल होती. जिनातली माणसं ऐकत होती, तरी ती मोठ्यानं म्हणाली,

"आबा, लई भारी काम केलंत तुम्ही."