लष्करप्रमुखांच्या हुकमाबाहेरचा नळ

धाकटा भाऊ देशाचा लष्करप्रमुख झाल्याचं कळलं तेव्हा आक्काच्या मनात पहिला विचार आला तो त्याच्या जेवणाच्या आबाळीचा. दुखरा गुडघा सांभाळत ती त्याच्या सरकारी बंगल्यावर राहायला आली. आली तर जेवणाच्या टेबलावर मधोमध छतातून पाणी ठिबकत होतं आणि त्याखाली चांदीचं भलंमोठं भांडं ठेवलेलं. कुठल्याशा मित्रराष्ट्राच्या सेनापतीने ते भेट दिल्याचं भावजयीने सांगितलं. आता ते वरच्या न्हाणीघराचं पाणी झेलत होतं.

"खंड्या, एवढं लष्कर तुझ्या हाताखाली. एक माणूस बोलाव की," आक्का म्हणाली. लहानपणी किडकिडीत अंग आणि लांब नाक, म्हणून त्याला खंड्या पक्ष्याचं नाव पडलं होतं. ते घेणारी आता जगात ती एकटीच उरली होती.

प्रमुखांनी घास गिळला आणि समजावून सांगितलं. बंगला लष्कराचा नाही, बांधकाम खात्याचा. खात्याचा माणूस येऊन गेला होता. त्याने वर बघितलं, मान हलवली आणि पाणी गळतंय असं सांगून तो निघून गेला. रस्त्यापलीकडे लष्कराची अभियंत्यांची आख्खी पलटण होती, पण त्यांना हात लावू द्यायचा नाही असा नियम होता.

असला कसला नियम, असं आक्काने विचारल्यावर त्यांना पार मुळापासून सुरुवात करावी लागली. पूर्वी राजाच सेनापती असे. पुढे राजे सुटले, म्हणजे अंगाने, आणि त्यांनी पगारी सेनापती नेमला. तो घोड्यावर सगळ्यांच्या पुढे असायचा. असे दोघे-तिघे लढाईच्या सकाळीच गेल्यावर सेनापतीने टेकडीवर उभं राहून दुर्बिणीतून बघावं असं ठरलं. टेकडीवर ऊन लागतं म्हणून तंबू आला, तंबूत नकाशा आला, नकाशा उडतो म्हणून पक्की इमारत आली. मागे मागे सरकत सेनापती शेवटी राजधानीतल्या खुर्चीत येऊन बसला.

"आणि नळ?" आक्का म्हणाली.

नळाची गोष्ट त्यानंतरची. दिवाणखान्यात गलमिश्यांच्या ज्या प्रमुखांची तसबीर होती, ते याच बंगल्यात राहत. एकदा अंगाला साबण लावलेला असताना त्यांचं पाणी गेलं. त्यांनी तसंच ओरडून पलटण मागवली. ट्रक, कुदळी, फावडी घेऊन जवान धावत आले आणि त्यांनी समोरचा रस्ता खणायला घेतला. नेमकी तेव्हाच कोपऱ्यावरच्या इमारतीत मंत्रिमंडळाची बैठक चालू होती. खिडकीतून कुणीतरी ट्रक पाहिले आणि बंड झालं म्हणून बोंब उठली. मंत्री मागच्या दाराने पसार झाले. एक तर थेट मेहुणीच्या घरी जाऊन लपला. काय सांगावं ते न कळल्यामुळे रेडिओवर दुपारभर गंभीर संगीत लावून ठेवलं. संध्याकाळी खुलासा झाला, पण धास्ती गेली नाही. तेव्हापासून संरक्षणमंत्र्यांच्या परवानगीशिवाय राजधानीत एकही तुकडी हलवायची नाही, प्रमुखांच्या घरी तर नाहीच नाही.

"मग तू नक्की करतोस काय?"

"सल्ला देतो. सरकारला."

"ऐकतात?"

प्रमुखांनी आणखी भात वाढून घेतला. सीमेवरच्या बर्फात जवानांचे बूट फाटतात, नवे द्या, हा सल्ला त्यांनी आल्यापासून तीनदा दिला होता.

दुसऱ्या दिवशी आक्का स्वतः बाजारातून प्लंबर घेऊन आली. फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्याची पिशवी तपासली आणि पान्हा हे हत्यार आहे, इथेच ठेवा, असं सांगितलं. मग नट दातांनी फिरवू का, असं विचारून प्लंबर निघून गेला. पहारेकऱ्याची चूक नव्हती. हुकूम खुद्द प्रमुखांच्याच सहीचा होता.

रविवारी संरक्षणमंत्री जेवायला यायचे होते आणि सकाळपासून ठिबकण्याची धार झाली. भावजय रडकुंडीला आली. प्रमुख नुसते वर बघत उभे होते.

"तू तरुणपणी नदीत उभा राहून पूल बांधायचास ना रे? मग तुझ्याच न्हाणीघरात तू जायचं नाहीस, असाही नियम आहे का?" आक्काने विचारलं.

प्रमुखांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. एकटा माणूस जिना चढून वर गेला तर ती तुकडी होत नव्हती. त्यांनी गणवेश उतरवला, मोटारीच्या डिकीतला पान्हा काढला आणि बनियन-चड्डीवर ते न्हाणीघरात शिरले. कित्येक वर्षांत हातात पेनाखेरीज काही आलं नव्हतं. पान्ह्याचा भार तळहातावर पडताच त्यांना इतकं बरं वाटलं की ते शीळ घालू लागले. नटाला पहिलाच हिसका दिला आणि जुना पाइप जोडातून निखळला.

मंत्री दहा मिनिटं आधी पोचले. जिन्यावरून पाण्याचे लोट येत होते. विजार वर धरून ते चढून गेले, तर लष्करप्रमुख दोन्ही तळव्यांनी भिंतीतलं भोक दाबून उभे.

"साहेब, माफ करा, सलाम करता येत नाहीये," प्रमुख म्हणाले. "समोरच्या पलटणीला बोलवायची परवानगी द्या."

मंत्री मुळात वकील. त्यांनी तशाही स्थितीत विचार केला. "तोंडी परवानगी चालणार नाही हो. उद्या कुणी कोर्टात गेलं तर?"

मागून आक्का आली. तिने दोघांकडे पाहिलं. "खंड्या, तू दाबून धर. आणि तुम्ही, चला माझ्याबरोबर. मुख्य कॉक परसात आहे, तो माझ्याने फिरत नाही."

मंत्री निमूटपणे गेले. चिखलात गुडघे टेकून त्यांनी गंजलेला कॉक बंद केला आणि हाताला लागलेला गंज मोठ्या कौतुकाने सगळ्यांना दाखवला. मग प्रमुखांनी जोड आवळला आणि मंत्र्यांनी टॉर्च धरला. टॉर्च नको तिथे धरल्याबद्दल त्यांना दोनदा ऐकून घ्यावं लागलं.

जेवण स्वयंपाकघरात झालं. प्रमुखांचा जुना सदरा घालून बसलेले मंत्री दुसऱ्यांदा रस्सा घेताना हळूच म्हणाले, "तुम्हाला नेमल्यापासून मला धड झोप नव्हती. आम्ही इतिहास वाचलेली माणसं. सेनापती म्हटलं की रणगाडेच दिसतात."

"मग आता?" प्रमुखांनी विचारलं.

"आता बनियन दिसेल."

प्रमुख हसले नाहीत. हा माणूस आपल्याला घाबरत होता, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. सल्ला तीनदा का फेटाळला गेला, ते त्यांना आत्ता कुठे उमगत होतं. मागणी बुटांची होती, पण ऐकणाऱ्याच्या कानात ते बूट घालून राजधानीवर चालून येणारे पाय वाजत होते. त्यांनी पुन्हा बुटांचा विषय काढला, या वेळी मांडीवर हात मारत, घरच्यासारखा. मंत्र्यांनी ऐकून घेतलं, बर्फात पाय किती वेळात बधिर होतो ते विचारलं आणि पुढच्या बैठकीत निम्म्या बुटांना मंजुरी दिली. उरलेले निम्मे पुढल्या वर्षी, असं ठरलं.

हिवाळ्याच्या तोंडावर प्रमुख सीमेवरच्या ठाण्यावर गेले. नवे करकरीत बूट घालून जवान रांगेत उभे होते. प्रमुखांचा ऊर भरून आला. पहिल्याच जवानापाशी थांबून त्यांनी बूट कसे आहेत, असं विचारलं.

जवानाने कडक सलाम ठोकला.

"छान आहेत साहेब," तो म्हणाला. "फक्त चावतात."

प्रमुखांनी बर्फातच खाली बसून त्याच्या बुटाची नाडी सोडली आणि नेमकं कुठे चावतात ते दाखव म्हणाले.