मागच्या सीटवरची सवारी

"बाबा, तुमी कंपनीच्या मानसाले काय सांगलं होतं?" हातातलं पत्र टेबलावर ठेवत काजलनं विचारलं.

"जे झालं ते सांगलं. खोटं काहून बोलू?" जागेश्वरभाऊ म्हणाले.

जे झालं ते अगदी साधं होतं. महिन्याभरापूर्वी ते बायकोला, कुसुमावतीबाईंना, गुडघे दाखवायला धंतोलीतल्या दवाखान्यात नेत होते. वाटेत गाय आडवी आली. गाय वाचली, गाडीचं तोंड मात्र दुभाजकावर आपटून फुटलं. देवाच्या कृपेनं दोघांना खरचटलंसुद्धा नाही. गाडी गॅरेजात गेली, विमा कंपनीचा माणूस घरी आला, दोन कप चहा प्याला आणि जबाब लिहून घेऊन गेला. आता हे पत्र आलं होतं. खाजगी गाडी भाड्यानं वापरली, सबब दावा नामंजूर.

काजलनं सोबतची जबाबाची प्रत वाचून दाखवली. 'गाडीत मागे एक सवारी होती. तिला दवाखान्यात सोडायला जात होतो.' खाली जागेश्वरभाऊंची ठसठशीत सही.

कुसुमावतीबाईंनी मेथी निवडायची थांबवली. "मी सवारी?"

"मंग मांग कोन बसली होती? मांग बसते ते सवारी."

बत्तीस वर्षं ऑटो चालवलेल्या माणसाला दुसरा शब्द सुचणार तरी कुठून? त्या बत्तीस वर्षांत बायको त्यांच्या ऑटोत बसली ती एकदाच, तान्ह्या काजलला घेऊन दवाखान्यातून घरी येताना. मागची सीट म्हणजे घरची भाकर, ती घरच्या माणसानं अडवायची नाही असा त्यांचा नियम. त्या दिवशीही दारात ऑटो थांबवून ते आईला म्हणाले होते, "माय, दोन सवारी घेऊन आलो." ऑटो विकल्यावर त्यांनी ही जुनी गाडी घेतली ती फक्त कुसुमावतीबाईंना बसवायला. मागे तिला पाय लांब करता येत. पुढच्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन होतं, आणि त्यानंतर व्यायामाला रोज धंतोली. गाडी दुरुस्त झाली नाही तर नेणार कशात, याच काळजीनं त्यांचं जेवणावरून मन उडालं होतं.

सोमवारी दोघं बसनं विमा कंपनीच्या सदर भागातल्या ऑफिसात जायला निघाली. काजलनं निघताना बजावलं होतं, "सवारी म्हनायचं नाई. बायको म्हनायचं." भाऊ वाटभर पुटपुटत होते, बायको, बायको. बाजूला बसलेल्या बायकोला हसू आवरत नव्हतं.

साहेबीण तरुण होती. मुग्धा नाव, पुण्याहून बदलून आलेली.

"काका, पैसे घेऊन माणसं नेली तर खाजगी गाडीचा विमा मिळत नाही. आणि हे तर तुम्हीच लिहून दिलंय."

"पैसे कोन घेतले मॅडम? बायको होती माही." धडा बिनचूक उतरला.

"बरं. मग त्या आल्यात का सोबत?"

"आली ना. सवारी भाईर बाकड्यावर बसली हाये. जिना चढून दमली."

जित्याची खोड ती. भाऊंनी जीभ चावली, पण शब्द टेबलावर पडून गेला होता. बाहेरून कुसुमावतीबाईंचा आवाज आला, "झालं. चाला आता घरी."

मुग्धानं जबाबाकडे पाहिलं, भाऊंकडे पाहिलं. मग कागद घेऊन स्वतःच बाहेर गेली आणि बाकड्यावर टेकली.

"मावशी, त्या दिवशी यांना भाडं दिलंत का?"

"भाडं? एकोनचाळीस वर्षं झाले, दोन टाइम सयपाक करून राहिली मी. ते भाडं होत असन तर लिहून घे, पोरी."

मुग्धा इतकी हसली की आतल्या टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. रेशनकार्डाची नक्कल घेऊन तिनं नवा जबाब लिहिला. त्यात एक वाक्य होतं: अर्जदार गाडीत मागे बसलेल्या कोणालाही, पत्नीलासुद्धा, सवारी म्हणतात. "दावा पुन्हा उघडते. वरून मंजुरी यावी लागेल, पण आता अडायचं कारण नाही," ती म्हणाली. भाऊंनी सही केली. या वेळी आधी दोनदा वाचून.

खाली रस्त्यावर त्यांनी हात केला, तसा एक ऑटो थांबला.

"किती सवारी?" ऑटोवाल्यानं विचारलं.

"एक," भाऊ सवयीनं म्हणाले. उभ्या आयुष्यात त्यांनी स्वतःला कधी मोजलंच नव्हतं.

"दोन हाये, भाऊ," कुसुमावतीबाई म्हणाल्या. "आज हे बी मांग बसून राहिले."

ते मागे बसले. ऑटो सुरू झाला तसा त्यांचा उजवा पाय आपसूक ब्रेक शोधू लागला, आणि हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. इतकी वर्षं ही जागा आपण हिला दिली नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं. कुसुमावतीबाईंनी दुखरा गुडघा जरा आखडून घेतला आणि त्यांना नीट बसायला जागा करून दिली.